सरासरीचा राक्षस

लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं त्या उन्हाळ्यात मी दर रविवारी दुपारी राक्षसांची सरासरी काढत बसायचे. आज सांगताना लोक हसतात. मला तेव्हा हसू येत नव्हतं, डोकं दुखायचं.

हा खेळ मी इंजिनिअरिंगला असताना पुण्याच्या हॉस्टेलमध्ये शिकले. कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी तलवारवाला, कुणी जादूगार. राक्षस मारला की अनुभव मिळतो, अनुभव साठला की लेव्हल वाढते, आणि लेव्हल वाढली की गोष्ट सांगणाऱ्यानं त्या मापाचा मोठा राक्षस आणायचा. लातूरच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायला लागल्यावर मला तीन खेळाडू मिळाले; गोष्ट मी सांगायचे. आमच्याच क्लासचे फिजिक्सचे सर, मूळचे उदगीरचे. नांदेडहून बदली होऊन आलेला, लोह्याकडचा एक बँकवाला. आणि औशाची एक नर्स, जिची-माझी ओळख ती मला सलाईन लावत असताना झाली. खेळाबद्दल तिनं सुई टोचता टोचता इतके प्रश्न विचारले की टोचलेलं कळलंच नाही.

पहिला अर्धा तास उदगीर जिल्हा कधी होणार यात जायचा. सरांच्या मते तो येत्या सव्वीस जानेवारीला नक्की होणार होता. बँकवाला म्हणायचा, आधी घागरभर पाणी दाखवा, मग जिल्हा मागा. मी फासा आपटून दोघांना गप्प करायचे.

खरी पंचाईत नर्सची होती. तिच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, आणि कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. घरी ती आणि गुडघे गेलेली आई. टँकर आला की ड्रम भरायला हिनंच उभं राहायचं. त्यामुळे तिचे रविवार बुडायचे. बाकीचे दोघं पाचव्या लेव्हलला पोचले तरी ही दुसरीवरच. मग ती आली की मी तिला खडकामागे मशाल धरून बसवायचे, कारण समोरच्या राक्षसाची एक थप्पड तिला पुरली असती. तीन तास मशाल. ती फाशाकडे बघत राहायची.

मी सुचवलं, हिला सरळ पाचवर आणू. दोघांनी कडाडून विरोध केला. सर म्हणाले, ही ग्रेस मार्काची लेव्हल झाली. बँकवाल्यानं हजेरीचा मुद्दा काढला. लातूरचं पाणी आटलं होतं, मार्कांचा सोस आटला नव्हता. मला वैताग आला, पण तत्त्वाची माणसं आहेत म्हणून मी माघार घेतली आणि आमच्यापुरता एक नियम काढला: तिघांच्या लेव्हलची सरासरी काढायची, अपूर्णांक आला तर वरचा आकडा धरायचा, आणि त्या मापाचा राक्षस आणायचा. पाच, पाच आणि दोन, सरासरी चार. गणिताची बाई मी, स्वतःवर फार खूश झाले. दोघांनी नियम इतक्या पटकन मान्य केला, तिथंच मला संशय यायला हवा होता.

दोन रविवार बुडवून ती एकदा आली. सकाळपासून लाइनीत उभी होती, ओढणी अजून ओली होती. त्या दिवशी तिनं एकटीनं लांडगा मारला आणि तिचा अनुभव तिसऱ्या लेव्हलइतका भरला. तिनं खोडरबर उचलून कागदावरचा दोनचा आकडा पुसायला घेतला, तेवढ्यात बँकवाला अगदी प्रेमानं म्हणाला, "मॅडम, आत्ताच नका वर जाऊ. तुम्ही दोनवर हायेत म्हणून राक्षस झेपून राहिलेत."

मी मनात बेरीज केली. पाच, पाच, तीन. तेराला तीननं भागलं की चार आणि वर काहीतरी, म्हणजे माझ्याच नियमानं पाच. या दोघांनी हे पहिल्याच दिवशी ताडलं होतं. आता कमावलेली लेव्हलही ते तिला घेऊ देत नव्हते, म्हणजे ग्रेस मार्कांचं तत्त्व निव्वळ सोंग उरलं होतं.

तिनं खोडरबर खाली ठेवलं. "म्हंजे मी खाली हाय तवर तुमचं बरं चाललंय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. सर समजावायला लागले की तसं नाही, हा संघाचा विचार आहे. तिनं कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकला आणि चहा न घेता गेली. मी दोघांवर तोंड टाकलं. ते निमूट ऐकत होते, म्हणून मला आणखी राग येत होता, कारण नियम त्यांचा नव्हता, माझा होता. ती परत आली नाही तर या खेळात राम नाही, हे मला तेव्हाच कळलं.

चार दिवस फोन करायचा धीर झाला नाही. केला तेव्हा ती म्हणाली, येते, पण गोष्ट मी सांगणार, तुम्ही खेळायचं. पुढच्या रविवारी ती माझ्या खुर्चीत बसली. मी नवं पात्र काढलं, अर्थातच पहिल्या लेव्हलचं. तिनं कुणालाच लेव्हल विचारली नाही. बारवेच्या तोंडाशी तिनं एक राक्षस बसवला, असा की सर आणि बँकवाला मिळूनही त्याला पुरले नसते.

पाव तास झाला नसेल, मीच तोंड उघडलं. म्हटलं, अगं, मी एकवर आहे, थोडं ॲडजस्ट कर की. एखादा नियम काढू.

"पळायला लेव्हल लागत न्हाई, ताई," ती म्हणाली. "तुम्हाला काय करायचंय ते सांगा."

इतके महिने मी तिला खडकामागे बसवलं, तिच्यासाठी राक्षस लहान केले, तिच्यावरून दोघांशी भांडले. तुला काय करायचंय, एवढं मात्र तिला एकदाही विचारलं नव्हतं.