पहिली पोळी गाईची

ते विधेयक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. आमच्या सोसायटीत ते वाचलेला मी एकटाच. ही बढाई नाही, सवय आहे. रिफायनरीच्या सेफ्टी खात्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. नियम समोर आला की आधी वाचायचा, मग तोंड उघडायचं, हे अंगात भिनलंय. बाकीचे लोक आधी तोंड उघडतात आणि वाचायचं राहूनच जातं.

विधेयक शहरातल्या गुरांचं होतं. राज्य सरकारने ते आणलं, विधानसभेत मंजूरही झालं, फक्त अजून लागू व्हायचं होतं. शहरात गाय पाळायची तर परवाना हवा, गाईच्या कानात बिल्ला हवा, रस्त्यावर मोकळी दिसली तर दंड, आणि त्याहून पुढे गेलं तर तुरुंग. परवाना हवा तर गाय बांधायला स्वतःची जागा दाखवा. मला त्यात काहीही गैर दिसलं नाही. खरं सांगायचं तर आजही दिसत नाही.

मला तसं वाटायला कारण होतं. समा रोडवरून बायको स्कूटरवर भाजी घेऊन येत होती. दुभाजकावर बसलेली एक गाय कुणाला न विचारता उठली आणि आडवी आली. बायको पडली, मनगट मोडलं. गाय कोणाची हे शोधावं लागलं नाही. बदामी रंगाची, कपाळावर पांढरा टिळा. आमच्याच घरी जिचं दूध यायचं ती. संध्याकाळी तिची मालकीण हळद घातलेलं दूध घेऊन दारात उभी.

ही मालकीण गुरं पाळणाऱ्या भरवाड समाजाची. सगळी सोसायटी तिला मासी, म्हणजे मावशी म्हणायची. सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून तिचा गोठा होता, पत्र्याचा, शेणाने सारवलेला. तो आमच्या आधीपासून तिथे होता. आमची घरं आहेत तिथे पूर्वी तिच्या सासऱ्याची गुरं चरायची. चरायला जागा उरली नाही म्हणून धार काढून झाली की ती गाई मोकळ्या सोडायची आणि त्या रस्त्यावर हिंडून पोट भरायच्या. जागा तिच्या नावावर कधीच नव्हती. तसा कोणी प्रश्नही काढला नव्हता.

"हे दूध परत पाठव," मी आतून म्हणालो.

"पडले मी. प्लास्टर माझ्या हाताला," बायको म्हणाली, "आणि फुगून बसलाय तुम्ही! जवा दो ने, जाऊ द्या ना आता." आणि डाव्या हाताने पेला धरून ती ते दूध प्यायली.

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग झाली. मी सेक्रेटरी होतो. सरकारच्या विधेयकाला आपला पाठिंबा आहे, असा ठराव एकमताने पास झाला. फाटकाजवळ गुजरातीत पाटी लावायचंही ठरलं: इथे गाईंना खायला घालू नये. पाटी मी स्वतः रंगवून आणली.

आता आमच्या लोकांचं काय सांगावं! हात वर करून ठराव पास करणारी प्रत्येक बाई सकाळी पहिली पोळी गाईची म्हणून बाजूला काढायची. आतापर्यंत त्या पोळ्या कोणी कट्ट्यावर ठेवायचं, कोणी झाडाखाली. पाटी लागल्यावर सगळ्यांना एक ठरलेली जागा मिळाली. पाटीखालच्या चौथऱ्यावर पोळ्यांची चळत दिसू लागली आणि मासीच्या गाईंनाही जागा शोधत फिरायचं कारण उरलं नाही. त्या थेट पाटीखाली येऊन उभ्या राहायच्या. मी चिडून एकदोघींना बोललो. "खायला कुठे घालतोय, नुसती ठेवतोय," असं उत्तर मिळालं. त्या एकदोघींत आमची ही पण होती.

तरी मला तिच्यावर फार रागावता यायचं नाही. माझं लहानपण घडियाळी पोळमधलं, जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीतलं. पूर्वज या गुजराती मुलखात गायकवाडांच्या पलटणीबरोबर आले, पुढच्या पिढ्या नोकऱ्यांना लागल्या, पण वडिलांच्या वागण्यात पलटण शिल्लक होती. पोळमध्ये गाय शिरली की ते भिंतीला पाठ लावून तिला वाट देत, आणि पहिली पोळी स्वतःच्या हाताने तिच्या तोंडाशी धरत. गाय आली नाही तर आली नाही. ती येईपर्यंत ते जेवायला बसत नसत. आई करवादायची, आम्ही पोरं भुकेने कळवळायचो, पण त्यांचा नियम मोडला नाही. नियम पाळण्याचं वेड मला रिफायनरीने लावलं असं लोक समजतात. ते त्याच्या पुष्कळ आधीचं आहे.

एके दिवशी दूध मापून झाल्यावर मासी गेली नाही. पदर सारखा करत म्हणाली, "साहेब, पेलो कायदो तमे वांच्यो छे ने? शुं लख्युं छे?" तो कायदा तुम्ही वाचलाय ना, त्यात काय लिहिलंय.

मी तिला बसवून घेतलं आणि नीट समजावलं. परवाना, बिल्ला, दंड, तुरुंग. काही कमी नाही, काही जास्त नाही. तिने मध्येच विचारलं, "जग्या ना होय तो?" जागा नसेल तर.

"तर परवाना नाही," मी गुजरातीतच सांगितलं. "परवाना नाही तर शहरात गाय नाही."

ती उठली. मग रिकामी बरणी उचलून निघून गेली. मी जे लिहिलं होतं तेच सांगितलं. पण त्यानंतर गोठ्यातल्या गाई कमी व्हायला लागल्या. मासीचा भाऊ करजणजवळच्या एका गावात राहायचा, त्याच्याकडे थोडी जमीन होती. एकेक करून गाई तिकडे जाऊ लागल्या. दूध आटलं. बायकोने विचारलं तेव्हा मासीने सांगितलं की पोरगा म्हणतो, पकडून कोंडवाड्यात नेण्याआधी आपणच पाठवून देऊ. टिळ्याची गाय मात्र तिने ठेवली होती. ती गेली तर मी इथे कशाला राहू, असं ती बायकोला म्हणाली होती. कायदा लागू झाला की ती गाय जाणार आणि गाईमागे मासीही. इतकं ते सरळ होतं.

मग भाद्रपद आला, पितृपक्ष लागला. भरवाड आणि त्यांच्यासारख्याच गुरं राखणाऱ्या रबारी लोकांनी ठरवलं की विधेयकाच्या विरोधात एक दिवस शहरात दूध विकायचं नाही. तो दिवस नेमका माझ्या वडिलांच्या तिथीचा होता. आदल्या संध्याकाळी डेअरीच्या दुकानांसमोर ही झुंबड. लोक एकेक पिशवी नाही, पिशव्याच्या पिशव्या भरून नेत होते. माझी पाळी आली तेव्हा दुकानदार क्रेट उपडे करून ठेवत होता. मी रिकाम्या हाताने घरी आलो. श्राद्धाला खीर नाही म्हणजे काय करायचं! बायको तांदूळ निवडत राहिली.

सकाळी नेहमीच्या वेळेला मासी दारात. हातात छोटी कासंडी, वरून फडकं बांधलेलं.

"आज तो तमारी हडताल," मी म्हणालो.

"वेचवानी ना छे," ती म्हणाली. "आपवानी क्यां ना छे? बापा माटे छे ने." विकायला बंदी आहे, द्यायला नाही; बापासाठी आहे, म्हणून नुसतं द्यायचं. माझ्या वडिलांची तिथी तिला वर्षानुवर्षं पाठ होती, कारण त्या दिवशी आमच्याकडे दूध जास्त लागायचं.

बायकोने कासंडी घेतली. मी पैशाचं नाव काढलं नाही, तेवढी अक्कल मला होती. पण अवघडलो. ज्या गाईविरुद्ध मी ठराव केला, तिचंच दूध माझ्या वडिलांच्या खिरीत. वडील वर कुठे असतील ते असोत, त्यांना हसू आलं असणार.

स्वयंपाक झाला, पानं वाढली. कावळ्याचा घास गच्चीवर ठेवला, कावळा आला. गोग्रासाचं पान घेऊन मी फाटकापाशी गेलो. खीर, वडे, अळूची भाजी, वर पोळी. पाटीखाली गाय नव्हती. रस्त्यावर नव्हती, दुभाजकावर नव्हती, कचऱ्याच्या पेटीपाशी नव्हती. मोकाट गुरं पकडणाऱ्या पालिकेच्या गाड्या फिरत होत्या म्हणून ज्याने त्याने आपली जनावरं बांधून ठेवली होती. भर उन्हात सोवळं नेसून, हातात पान घेऊन मी सबंध समा रोडवर गाय शोधत हिंडलो. स्कूटरवाले वळून वळून बघत होते. रस्ता असा मोकळा असावा म्हणून मी वर्षभर भांडलो होतो, आणि आता तो मोकळा बघून मला रडकुंडीला आल्यासारखं झालं.

शेवटी मागच्या भिंतीला वळसा घालून गोठ्यात गेलो. टिळ्याची गाय एकटीच बांधलेली. बाकीचे खुंटे रिकामे. मासीने माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, आणि दावं सैल केलं. गाईने माझ्या हातून पोळी घेतली, वडे घेतले, मग सबंध पान पत्रावळीसकट चाटूनपुसून खाल्लं. तिचा श्वास मनगटाला लागत होता. मला बरं वाटलं. खरोखर फार बरं वाटलं.

"काले सवारे टेम्पो आवशे," मासी म्हणाली. उद्या सकाळी हीही जाणार.

संध्याकाळी टीव्ही लावला तर बातमी होती: सरकारने विधेयक मागे घेतलं. बायको हातातलं काम टाकून बाहेर आली. "अहो, जा ना! सांगून या तिला!" मी चप्पल घालून तसाच निघालो. गोठ्यात दिवा लागला होता. मासी, तिचा मुलगा आणि गाय. मी एका दमात सांगितलं की कायदा परत घेतला, आता लागू होणार नाही. मुलाच्या मोबाईलवर ती बातमी आलीच होती, पण त्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. मासी उठून उभी राहिली. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

मग तिने विचारलं, "पाकुं छे, साहेब?"

नक्की का? एवढाच प्रश्न. हो म्हणायला काय लागतं! पण नक्की हा शब्द मी उभ्या आयुष्यात असाच कधी वापरला नाही. व्हॉल्व्ह बंद आहे का, असं विचारलं तर स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय मी हो म्हणत नसे. मी म्हणालो, "आत्ता परत घेतलाय. पुढे नवीन आणू शकतात. पालिका वेगळे नियम करू शकते. ते कोणी सांगू शकत नाही."

ती हळूच खाली बसली. मुलगा म्हणाला, "जोयुं ने, बा?" पाहिलंस ना, आई. ती गाईच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तो पछी भले जाय. फरी फरी कोण बीवे?" मग जाऊ दे, पुन्हा पुन्हा कोण भीत बसणार.

घरी येऊन हे सांगितलं तर बायको माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला एकदा, एकदाच, नुसतं हो म्हणता आलं नाही?" मी म्हणालो की मी खोटं कसं बोलणार. ती म्हणाली, "खोटं नव्हतं हो ते. धीर होता." आणि ती आत निघून गेली. पुढे पालिकेने परवान्याचे नियम केलेच, म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं. हे मी तिला ऐकवलंही. तिने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो फाटकासमोर उभा राहिला. गाय फळीवर चढेना. मुलाने ओढलं, ड्रायव्हरने मागून रेटलं. तिने मान सोडवून घेतली आणि सरळ पाटीखाली येऊन उभी राहिली. बायकोने नुकतीच पोळी ठेवली होती. ड्रायव्हर घाई करायला लागला तेव्हा बायको त्याच्यावर ओरडली, "ऊभा रहो! खावा दो एने!" गाईने पोळी सावकाश खाल्ली. मग ती आपली आपण फळीवर चढली. मासी तिच्या मागोमाग टेम्पोत चढली आणि गाईच्या पायांशी बसली. तिने आमच्याकडे पाहून हात जोडले. टेम्पो करजणच्या दिशेने गेला.

त्यानंतरच्या सकाळी मी चहा घेऊन स्वयंपाकघरात बसलो होतो. बायकोने पहिली पोळी तव्यावरून उतरवली, सवयीने बाजूला काढली, आणि ती हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"ही आता कुठे ठेवू?" तिने विचारलं.

विधेयकाचं प्रत्येक कलम मी वाचलं होतं, पण पोळी कुठे ठेवायची ते एकाही कलमात नव्हतं. "दे इकडे," मी म्हणालो, आणि पोळीचा तुकडा मोडून चहात बुडवला. गाईची पोळी आमच्या घरात आजवर कोणी खाल्ली नव्हती. चहा पिशवीच्या दुधाचा होता. मी घास चावत राहिलो. बायको बघत होती. मग तिने पाठ वळवली आणि दुसरी पोळी लाटायला घेतली.