गिरणीवाल्याचं अर्धं वाक्य

फुंकरबाई हे नाव त्या नर्सला कोणी ठेवलं, यावरून दम्याच्या वॉर्डात अजून दोन तट आहेत. झाडूवाली म्हणते मी, वॉर्डबॉय म्हणतो मी. ठेवलं मात्र चपखल. नवा पेशंट आला की ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसायची आणि ओठांचा चंबू करून दाखवायची. नाकाने घ्या, तोंडाने हळू सोडा. समोर दिवा आहे समजा, ज्योत हलली पाहिजे पण विझता कामा नये. नातवंडं झालेल्या आज्या लाजून चूर व्हायच्या. "या वयात शीळ घालायला लावतेस होय गं?" असं म्हणायच्या आणि घालायच्या. कारण तशी फुंकर घातली की छातीवरचा धोंडा खरंच थोडा सरकायचा.

या वॉर्डातली माणसं पुरती बरी होत नाहीत आणि पटकन जातही नाहीत. थंडी पडली की येतात, जरा सुधारली की घरी, आणि पुन्हा बोचकं घेऊन दारात हजर, सासरी न रमलेल्या लेकीसारखी. त्यामुळे फुंकरबाईला त्यांच्या फुप्फुसांइतकीच त्यांची घरंही पाठ. कोणाची सून टोमणे मारते, कोण उशीच्या अभ्र्यात विडी लपवतो, कोणाचा जावई फक्त घराचे कागद कुठे आहेत ते विचारायला येतो, तिला सगळं ठाऊक. वॉर्डात वर्तमानपत्र येत नसे, आणि कोणाचं अडतही नसे.

तिला एक खोड होती. धाप लागलेल्या माणसाला वाक्य म्हणजे जिना. दोन शब्द चढायचे, टेकायचं, पुन्हा दोन. ते तिला बघवायचं नाही, म्हणून उरलेल्या पायऱ्या ती चढायची. "सिस्टर, जरा ती..." की "खिडकी लावते." "आज आमचा..." की "मुलगा यायचा नाही, फोन करेल." बरोबर असेल तर पेशंटने खाटेच्या दांडीवर एकदा बोट वाजवायचं, चुकलं तर दोनदा. दोनदा क्वचितच वाजे. याचा तिला गर्व होता. त्या गर्वाला ती माया म्हणायची, एवढंच.

खिडकीजवळच्या खाटेवर गिरणीवाले काका होते. सारा जन्म पिठाच्या धुरळ्यात गेलेला, वर विड्या. गिरणीच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय लागली ती घरीही सुटली नाही. काकू सांगायच्या, "लग्नाचं विचारायला आले तेव्हासुद्धा ओरडले. माझ्या बापाला वाटलं, भांडायला आलेत." आता त्यांचा आवाज कुजबुजीवर आला होता, तर त्यावरही काकूंचं होतंच: जन्मात पहिल्यांदा घरात शांतता झाली, आणि ती ऐकायला मी इथे स्टुलावर.

त्या दिवसांत त्यांचा मुलगा परगावाहून आला होता. काकांच्या मागे काकूंनी आपल्याकडे येऊन राहावं, घर आणि गिरणी विकून टाकावी, असा त्याचा हट्ट. काकू काही केल्या ऐकत नव्हत्या. भांडायला शेजारणी तिथे नव्याने कुठून जमवू, म्हणायच्या.

एके सकाळी वाफारा घेऊन झाल्यावर काकांनी फुंकरबाईचं मनगट धरलं. "आज... तिला... एक सांगायचंय."

"मी सांगते ना."

दांडीवर बोट दोनदा वाजलं. "माझं... मी."

मग त्या माणसाने कंजुषासारखा श्वास साठवला. अंग पुसायला नको म्हणाले, खाणं परत पाठवलं, शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांनी छेडलं तरी उलट उत्तर नाही. उशांवर पुढे वाकून नुसते फुंकर घालत बसले, दाराकडे बघत.

दुपारी काकू आल्या. काकांनी मास्क स्वतः खाली ओढला. "तू..." म्हणाले आणि थांबले. फुंकर घातली, पुन्हा घातली. "माझ्या..." आणि तिथेच अडकले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, ओठ निळसर पडत होते. मुलगा पायथ्याशी उभा होता. काकू वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

फुंकरबाईला राहवलं नाही. "माझ्यामागे एकटी राहू नकोस, मुलाकडे जा, असं म्हणतायत," ती म्हणाली आणि मास्क वर सरकवला.

काकूंनी खालचा ओठ दाताखाली धरला. "बरं," त्या म्हणाल्या. "जाते."

तेवढ्यात दांडीवर बोट वाजलं. दोनदा.

त्या खुणेची भाषा काकूंना येत नव्हती, मुलाला येत नव्हती. जिला येत होती ती वाकून म्हणाली, "चुकलं का, काका? पुन्हा सांगा, मी नाही बोलणार." पण साठवलेलं सगळं खर्च झालं होतं. डॉक्टर धावत आले, काकूंना बाहेर बसवलं गेलं. संध्याकाळचा चहा वॉर्डात यायच्या आत काका गेले.

पुढे कितीतरी दिवस फुंकरबाई ती दोन टिचक्यांची गोष्ट पोटात घेऊन हिंडली. झाडूवाली म्हणाली, गप्प बस, म्हातारीची सोय तर लागली. पण सुट्टीच्या दिवशी तिचे पाय गिरणीकडे वळलेच.

गिरणीचा पट्टा उतरवलेला होता. घर विकलं होतं, गिरणीही. दारात मुलाची गाडी उभी, आणि काकू कोपऱ्यांतलं पीठ झाडून काढत होत्या. "त्यांचं एक म्हणून ऐकलं नाही कधी," त्या म्हणाल्या. "हे शेवटचं तरी ऐकावं म्हटलं."

"काकू, ते वाक्य माझं होतं," फुंकरबाई म्हणाली. मग तिने बोटाची खूण सांगितली आणि ती दोनदा वाजल्याचंही सांगितलं.

काकूंच्या हातातला झाडू थांबला. "मग त्यांचं काय होतं?"

"माहीत नाही."

काकू पिठाच्या रिकाम्या डब्यावर बसल्या. "तू माझ्या," त्यांनी हळूच म्हणून पाहिलं. "तू माझ्या डोक्याला ताप, हे तर रोजचंच होतं. त्यासाठी सकाळपासून श्वास कोण साठवेल?" त्या हसायला गेल्या, आणि ते हसू वाटेतच मोडलं.

बाहेर मुलाने हॉर्न वाजवला. काकू उठल्या, पिठाचे हात झटकले, किल्ली खुंटीला लावली. दाराशी जाऊन वळल्या.

"मला वाटतं, त्यांना..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

फुंकरबाईचं तोंड सवयीने उघडलं. तिने ते मिटलं आणि वाट बघत उभी राहिली. हॉर्न पुन्हा वाजला. काकू तशाच पुढे गेल्या, गाडीत बसल्या, आणि गाडी कोपऱ्यावरून वळली.