आसरेची ओटी

आमच्या हिच्या काकांइतका भाविक नास्तिक अख्ख्या सिडनीत झाला नसेल. पॅरामॅटाच्या सरकारी ऑफिसात पुलांची डिझाइनं करायचे, सत्यनारायणाचं नाव काढलं की नाक मुरडायचे, पण नदीत कोणी थुंकलं की त्याच्याशी आठवडाभर बोलायचे नाहीत. व्हायोलिन वाजवायचे, तेही मांडी घालून. शेजारच्या चेक म्हाताऱ्यानं त्यांना आपल्या तंतुवाद्यांच्या चौकडीत घेतलं, तेव्हा बाकीचे तिघं खुर्च्यांवर आणि काका जेवणाच्या टेबलावर, असा तो थाट. "खुर्चीत बसून फायली तपासतात, जावईबापू," ते मला म्हणायचे. पाश्चात्त्य नोटेशन शिकले, टेबलावरून मात्र उतरले नाहीत.

म्हातारा चेलो वाजवायचा आणि गावाकडच्या भुताखेतांवर चौकडीसाठी संगीत रचायचा. रानातला, गिरणीतला, आणि शेवटी तळ्यातली बाई. त्याचं गाव तळ्यासकट धरणाखाली गेलं होतं. तब्येत ढासळत चाललेली, तेव्हा तिचं संगीत एकदा तरी लोकांसमोर वाजावं, एवढंच त्याला हवं होतं. चर्चचा हॉल ठरला, आणि काका अडून बसले.

"ही तर पाण्यातली आसरा. ओटी भरल्याशिवाय मी वाजवणार नाही."

"अहो, ती युरोपातली. तिला खणानारळाचं काय कळणार?" मी म्हटलं.

"बाईमाणूस आहे. कळतं."

मला चीड आली होती, खोटं कशाला सांगू. पण फळवाल्या ग्रीकाकडून नारळ आणला, हिच्या ट्रंकेतून खण काढला आणि कार्यक्रमाच्या सकाळी आम्ही पॅरामॅटा नदीवर गेलो. कौन्सिलचा माणूस म्हणाला, "नदीत कचरा नको, मेट." काका म्हणाले, "नो वरीज, पाहुणीचा मान आहे," आणि नारळ सोडला. काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्यानं टोपी काढली. त्याची आई तळ्यात पाव सोडायची म्हणे. इतक्या वर्षांत ते तो साफ विसरला होता. संध्याकाळी हॉल अर्धा रिकामा होता, पण म्हातारा असा वाजवत होता की मीसुद्धा घड्याळ पाहिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तो गेला आणि चौकडी मोडली. काका मात्र दरवर्षी नदीवर जात राहिले. ओटी सोडून झाली की काठावर मांडी घालून आपला भाग वाजवायचे. तो दुसऱ्या व्हायोलिनचा, म्हणजे नुसती साथ. मुख्य सूर म्हाताऱ्याकडे असायचा. एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, अगदीच अर्धवट वाटतं हो."

"आपल्याला," ते म्हणाले. "तिला बाकीचं पाठ आहे."