मेंढीच्या अंड्याला घाई नसते

थर्मासचं झाकण उघडलं की बाई आतल्या पाण्याचा थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकायच्या, तान्ह्या बाळाचं दूध पाहतात तसा. थर्मामीटर त्यानंतर. "यंत्राला विचारूच रे, पण आधी मला कळू दे," म्हणायच्या.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कर्जतजवळ, चौक गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती आणि मी तिथे संशोधन करणाऱ्या बाईंचा मदतनीस. कर्जतच्या खाटकाकडून मेंढ्यांची अंडाशयं कोमट मिठाच्या पाण्यात यायची. त्यांतली कच्ची अंडी बाई बारीक सुईने ओढून घ्यायच्या आणि दोन बश्यांत ठेवायच्या. एका बशीत हार्मोन, दुसरीत नाही. मग दोन्ही एक दिवस उबेच्या पेटीत. हार्मोन दिल्यावर अंडं मेंढीच्या पोटाबाहेर जास्त चांगलं पिकतं का, एवढं त्यांना पाहायचं होतं.

पोशीरला घरी मी हे सांगितलं, तर काकी म्हणाली, "मेंढी कधीपासून अंडी घालाय लागली रं? आन् त्याचा तुला पगार देतात?" बाईंना ते ऐकवलं तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"घाई कुणाला आहे?" हे त्यांचं पालुपद. "मला नाही, अंड्याला तर मुळीच नाही." तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. त्याच्या शेजारी उभं राहिलं की आपली धावपळ उगाचच वाटू लागते.

घाई होती ती आमच्या खात्याच्या मुंबईच्या साहेबांना. हे काम चालू ठेवायचं की बंद करून खोल्या लसींच्या खोक्यांना द्यायच्या, ते येऊन ठरवणार होते. ते येण्याच्या आदल्या दिवशी थर्मास आला, बाईंनी थेंब मनगटावर टाकला आणि हात झटकला. आत बर्फ!

खाटीक बिचारा कौतुकाच्या अपेक्षेने उभा होता. "ऊन लई हाय बाई, माल नासंल म्हनून बरफ टाकला. तुमचा सायेब येनार ना?"

मटण बर्फात टिकतं, कच्चं अंडं मात्र गारठून मरतं. मी त्याच्यावर भडकलो. बाई म्हणाल्या, "त्याने आपल्या कामाची काळजीच केली रे. उद्या ताजी आणू."

दुसऱ्या दिवशी साहेब आले, तेव्हा नवी अंडी नुकतीच पेटीत गेली होती.

"मागच्या महिन्याची काचपट्टी असेल ना? तीच दाखवा," साहेब म्हणाले.

"ती मागच्या महिन्याची झाली. तुम्ही आज आलात. ही उद्या पिकतील. नेरळहून माथेरानला जा, मुक्काम करा, उद्या उतरताना या."

मोठ्या साहेबाला असं कोणी डोंगरावर पाठवतं का? पण साहेब गेले, आणि आलेही.

बाईंनी दोन्ही बश्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. "हार्मोन कुठे आहे, तुम्हीच सांगा."

साहेब सूक्ष्मदर्शकावर वाकले. एका बशीत अंड्यांभोवतीच्या पेशी भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या फुलून सुट्या झाल्या होत्या; अंडं पिकल्याची हीच खूण. दुसरीत बहुतेक तशाच घट्ट चिकटलेल्या. त्यांनी फुललेली बशी पुढे सरकवली. बरोबर ओळखली होती. बाईंनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली, आणि मी आयुष्यात इतका खूश क्वचितच झालो असेन.

काम टिकलं. इतकं टिकलं की साहेबांनी ते दूरच्या मोठ्या संस्थेत हलवलं, बाईंसकट. खोल्यांत लसींची खोकी आलीच. मला साहेबांचा राग आला, बाईंचाही आला.

निघायच्या दिवशी उबेची पेटी गादीवर ठेवून टेंपोत चढवली. ड्रायव्हरने पुढची जागा पुसून दिली होती, पण बाई मागेच बसल्या, पेटीला दोन्ही हातांनी कवटाळून. टेंपो खड्ड्यांतून पनवेलच्या दिशेने निघाला. मी रस्त्यात उभा राहून हात हलवत राहिलो. त्यांनी हात हलवला नाही. त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.