दुसऱ्या आवृत्तीतली माणसं

मास्तर लग्नाला गेला तरी आहेर नेत नसे, पुस्तकांची पिशवी नेई. नवरा-नवरीवर फुलं पडायच्या आत हा मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेला. मांडीवर पाच-सहा प्रती. कुणी नमस्कार केला की नमस्काराच्या हातातच पुस्तक द्यायचा.

तो आमच्याच वस्तीतला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. हुमनाबादकडे मराठी शाळेवर होता. निवृत्त झाल्यावर त्याने हे पुस्तक लिहिलं. आमच्या लोकांनी गावकीची कामं सोडली तेव्हा गावाने आमचं दुकान, पाणी, गिरणी सगळं बंद केलं होतं, त्या दिवसांची हकीकत. तेव्हा हा पाळण्यात होता. म्हाताऱ्यांना विचारून विचारून लिहिलं आणि लातूरला पाचशे प्रती छापून आणल्या.

प्रकाशनाच्या दिवशी मी आधी माझ्या मायचं नाव शोधलं. सखूबाई. नव्हतं. मी चौथी शिकलेली, पण नाव आहे का नाही बघायला तेवढं पुरतं. मी बोलले नाही. मागून नाव घालून घ्यायचं मला जमत नाही.

आठ दिवसांनी तोच घरी आला. "अक्का, तू चल माझ्यासंगं. मी वाचाय लागलो की लोक म्हणतात, मास्तर विकायला आलाय. तू वाच."

"माझं वाचणं अडखळत चालतंय."

"अडखळू दे. लोक थांबून ऐकतील."

मी गेले. घरी तरी काय करत होते? निर्णा, राजेश्वर, दुबलगुंडी, कुणाचं लग्न, कुणाचं पुण्यानुमोदन. बसमध्ये पिशवी दोघांच्या मध्ये. मी दोन पानं वाचायची आणि तो लोकांना पुस्तक हातात धरायला लावून फोटो काढायचा. पोरं फोटो काढून घ्यायची, मोबाईलवर टाकायची आणि पुस्तक परत द्यायची. आता सगळी कन्नड नाहीतर इंग्रजी शाळेची. अक्षरं ओळखतात, गोडी नाही.

थोरली माणसं मात्र पुस्तक घेऊन मागून पुढं चाळायची. सगळ्यांचा प्रश्न एकच. "आमच्या अप्पाचं नाव कुठंय?"

असलं तर मास्तर पान काढून दाखवायचा. नसलं तर त्याचा चेहरा पडायचा. खिशातली पेन्सिल काढून स्वतःच्या प्रतीत कडेला तो लिहून घ्यायचा, बापाचं नाव, काय केलं, कुठं राहायचा. आणि म्हणायचा, "दुसऱ्या आवृत्तीत घालतो."

त्यावर लोक काय म्हणणार? राजेश्वरला एक जण पुस्तक खुर्चीवर ठेवून सरळ म्हणाला, "मग दुसरीच घेतो की मास्तर. ही कामून घेऊ?" सगळे हसले. मास्तरही हसला. मग ते वाक्य गावोगाव झालं. लोक त्याला आवृत्ती मास्तर म्हणायला लागले.

परतीच्या बसमध्ये मी त्याला झाडलं. "तू आपल्याच हातानं आपलं पुस्तक बंद पाडायलास. पहिली संपल्याबगर छापणारा दुसरी काढंल का?"

"न्हाई काढणार."

"मग गप राहा. आहे तेच पुस्तक म्हण."

त्याने पिशवी मांडीवर ओढून घेतली. म्हणाला, "राहिलीत ती माणसं, अक्का. खोटं कसं बोलू?"

असं तीन वर्षं चाललं. पिशवी जड जायची, जड यायची. त्याच्या प्रतीच्या कडा मात्र पेन्सिलीने काळ्या झाल्या. छापलेल्यापेक्षा राहिलेली माणसं जास्त झाली होती. मला वाटे, कधीतरी माझ्याकडे वळेल आणि विचारेल. वळला नाही. मीही तोंड उघडलं नाही.

गेल्या थंडीत निर्ण्याहून तो ताप घेऊन आला. छातीत कफ झाला. बिदरला नेलं, तिथंच गेला. आदल्या दिवशी मी भेटायला गेले तर म्हणाला, "अक्का, किती राहिल्या?" मी म्हणाले, "थोड्या." तीनशेच्या वर प्रती होत्या. मी आयुष्यात फार खोटं बोललेले नाही. ते बोलले.

पुण्यानुमोदनाला त्याच्या मुलाने सगळे गठ्ठे सोडले आणि जेवून उठणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक प्रत ठेवली. तीन वर्षं जे झालं नाही ते एका दुपारी झालं. पहिली आवृत्ती संपली.

मास्तरची स्वतःची प्रत मुलाने मला दिली. "आत्या, तुम्हीच वाचायच्या म्हणं, तुमच्याकडं राहू द्या." दुसऱ्या आवृत्तीचं त्याने काढलं नाही. मीही विचारलं नाही. कोण छापणार?

घरी येऊन मी कडेचीच माणसं वाचत गेले. एका पानावर छापलंय, 'गिरणीवाल्याने आमचे दळण बंद केले. लोकांनी कसेबसे दिवस काढले.' 'कसेबसे'खाली पेन्सिलीची रेघ आणि बाजूला त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं, 'सखूबाई. अक्काला विचारणे.'

अक्षर पार फिकं झालेलं. पहिल्या वर्षीचं असणार. तीन वर्षं एका बाकावर बसून त्याने विचारलं नाही. माझ्या तोंडाची भीती वाटत असेल. लोकांना वाटते.

विचारलं असतं तर सांगितलं असतं. माझ्या मायनं अंगणात पालथं पडलेलं जातं उचलून घरात मांडलं आणि चार महिने सोळा घरांचं दळण दळलं. खुंट्याला दुसरा हात माझा होता. चौथी झाली होती. पाचवीत मी गेलेच नाही.