आमच्याच खाचरात रुतलेला ट्रक

आमच्या गावात कुणी पिकअप घेतली की त्याला ओढकाम चुकायचं नाही. भिवंडीजवळ दापोड्याच्या आजूबाजूला गोदामं उगवायला लागली त्या वर्षांतली ही गोष्ट. भाताच्या खाचरात मुरमाची भर टाकायची, वरून रोलर फिरवायचा, झाला रस्ता. अरे, खाचर बांधलेलंच पाणी धरून ठेवायला. रोलर फिरवला म्हणून ते आपला धर्म सोडणार आहे का? श्रावणात तिथे रोज एखादा तरी ट्रक रुतायचा. मग ड्रायव्हर चिखलाने माखलेल्या पायांनी गावात यायचा आणि आमची डिझेल पिकअप दोर घेऊन निघायची.

ओढायची एक रीत होती. पिकअप रिकामी असली की मागची चाकं चिखलात नुसती गरगर फिरतात, पकडत नाहीत. म्हणून मागे वजन पाहिजे. आता दगडगोटे कोण भरत बसणार? जो दिसेल त्याला मागे चढवायचं. गोदामातले हमाल, लूमची शिफ्ट संपवून घरी निघालेली माणसं, सगळी मागे दांडीला धरून उभी. आणि सगळ्यांच्या आधी चढायचे माझे बाबा. बाबांचा देह चांगला भरभक्कम. ते चढले की चार माणसं वाचतात, अशी गावात चेष्टा चालायची. बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे. राग मला यायचा. माणसाची गोणी करता का, असं मी दोनदा भांडलोसुद्धा, पण घरात माझं ऐकतो कोण.

त्या दिवशी सकाळी बाबा ओटीवर बसले होते ते एकदम छाती धरून आडवे झाले. अंगाला दरदरून घाम. गावातल्या डॉक्टरने जिभेखाली गोळी ठेवली, चालवू नका म्हणाला, बसवूसुद्धा नका, असेच उचलून भिवंडीला न्या. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला तर निघतेय म्हणून सांगितलं. निघतेय, निघतेय. कुठून निघतेय देव जाणे. शेवटी पिकअपमध्ये गादी टाकली, बाबांना चौघांनी उचलून ठेवलं, आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मी गाडी काढली.

पाच मिनिटं गेलो नसेन, तर पुढे ट्रक. कापडाच्या गाठींनी भरलेला, भिवंडीकडे तोंड करून, रस्ता अडवून बसलेला. मागचं एक चाक आसापर्यंत खाली. दोन्ही बाजूंना गुडघाभर पाणी. आणि जागा कुठली, तर आमच्याच मोठ्या खाचराची, जे आम्ही दोन वर्षांपूर्वी विकलं होतं. समोरून येणाऱ्या गाड्यांनी केव्हाच दुसरा रस्ता धरला होता. माझ्यामागे मात्र आणखी तीन ट्रक येऊन उभे राहिले, म्हणजे माझी मागे जायची वाटही बंद, आणि वर कारण नसताना हॉर्न वाजवायला लागले. मी खाली उतरून त्यांना आयमाय काढून शिव्या दिल्या. दुसरं काय करणार होतो?

गोदामातून धावत आलेल्या एका हमालाला नाक्यावर रिक्षा आणायला पळवलं. तो हात हलवत परत आला, त्या चिखलात एकही रिक्षावाला यायला तयार नव्हता. बाबांना खाटेवर घालून पलीकडे न्यायचा विचार निघाला. पण पाण्याखाली खड्डा कुठे आणि बांध कुठे, दिसत नव्हतं. चौघांपैकी एक जरी घसरला तर खाट पाण्यात. मग ट्रक मागे ओढून वाट मोकळी करायची, एवढंच उरलं. आणि तो ओढायला गाडी कुठली, तर जिच्यात बाबा झोपले होते तीच.

मी गाडी फिरवली, ट्रकच्या मागच्या हुकाला दोर बांधला आणि म्हणालो, आधी बाबांना खाली उतरवून ताडपत्रीखाली ठेवू. बाबांनी डोळे उघडले. आवाज बसलेला, पण हुकूम तोच.

"मना उतरवू नको. मागं वजन पायजे."

आई रडायलाच लागली. मी म्हटलं, बाबा, आज तरी गप्प बसा. त्यांनी मान फिरवली. त्यांच्याशी वाद घालण्यात दोन-चार मिनिटं गेली आणि तेवढी मिनिटं आपल्याकडे आहेत का, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मी हात टेकले. मग बाबांच्या गादीभोवती सात-आठ माणसं चढली. कुणाचा पाय त्यांना लागू नये म्हणून सगळी अंग चोरून, दांडीला लटकून उभी. एकाने स्वतःचा सदरा काढून बाबांच्या तोंडावर पावसासाठी धरला. तो कोण होता मला आजही माहीत नाही, पण त्याच्याबद्दल मनात माया आहे.

ट्रकवाल्याने रिव्हर्स टाकला, मी पहिला गिअर. दोर ताणला गेला, गाडी थरथरली, ट्रक इंचभर हलला आणि परत बसला. पुन्हा. पुन्हा. बाहेरचे सगळे ओरडतात, सोडू नको, आता आलाच, सोडू नको. मी अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली. जळका वास आला. मला कळत होतं काय जळतंय. पण सोडला असता तर ट्रक पुन्हा आसापर्यंत गेला असता. तेवढ्यात हिसका बसला आणि ट्रक खड्ड्यातून वर आला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. माझी गाडी मात्र जागच्या जागी घुरघुरत राहिली. गिअर पडत होता, चाकं फिरत नव्हती. क्लच गेला होता.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. दगड टाकून खड्डा बुजवला, रस्ता मोकळा झाला, सगळ्या जगाच्या गाड्या जाणार आणि आमचीच जाणार नाही. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो, सरळ सांगतो. ट्रकचा ड्रायव्हर उत्तरेकडचा, माझ्याच वयाचा. तो खिडकीशी आला आणि म्हणाला की तुम्ही मला काढलंत, आता मी तुम्हाला ओढून नेतो. बाबांना त्याच्या उंच केबिनमध्ये चढवणं शक्यच नव्हतं. लोकांनी पिकअप ढकलून फिरवली, तोच दोर पुढे बांधला. ठरलं एवढंच की एक हॉर्न म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

ओढून नेलेल्या गाडीत जो बसलाय त्यालाच कळेल काय असतं ते. स्टिअरिंग हातात, पण जायचं तिथे दुसरा नेणार, त्याच्या वेगाने. समोर फक्त ट्रकचं ढुंगण आणि चिखलाचे फवारे. दोर ढिला पडू नये म्हणून हलका ब्रेक दाबत राहायचं, बस्स. मागच्या काचेतून आईची पाठ दिसायची, बाबांचे पाय दिसायचे. हायवेला लागलो तेव्हा बाबांचा अंगठा हलताना दिसला आणि मला जरा धीर आला.

भिवंडीत शिरलो आणि आईने काचेवर थाप मारली. मी वळून बघितलं. ती काहीतरी बोलत होती, काच बंद, इंजिनचा आवाज, काही ऐकू येईना. मी हॉर्न दाबला. ट्रक थांबला नाही. भिवंडीच्या रस्त्यावर हॉर्न! रिक्षा वाजवतायत, टेम्पो वाजवतायत, लूमचे सुताचे बीम घेऊन चाललेले हातगाडीवाले ओरडतायत. त्यातला माझा कुठला, हे त्या बिचाऱ्याला कसं समजावं? आई थापा मारतेय, मी हॉर्नवरचा हात काढत नाही, आणि समोरच्याला वाटतंय, मी घाई करतोय. त्याने वेग वाढवला. जोरात ब्रेक मारावा तर दोर तुटेल, नाहीतर बाबा गादीवरून घसरतील. मी "थांब रे, थांब रे" म्हणत एकटाच केबिनमध्ये ओरडत राहिलो.

हॉस्पिटलच्या फाटकात ट्रक थांबला. ड्रायव्हर उडी मारून धावत आला, स्ट्रेचरला त्यानेही हात लावला. डॉक्टरांनी आतसुद्धा नेलं नाही. तिथेच बाबांची नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ड्रायव्हरने मला विचारलं, जल्दी लाया ना, भैया? मी मान हलवली. त्याने आपलं काम चोख केलं होतं.

रात्री सगळं आटोपून घरी आल्यावर मी आईला विचारलं, काच का वाजवत होतीस, बाबा पाणी मागत होते का?

ती म्हणाली, "पाणी न्हाय रे. सांगत होते, त्याला सांग आता घाई न्हाय, गाडी हळू घे."

हळू घेणं माझ्या हातात नव्हतं.