रडल्याशिवाय मालिश कसली!

पेणच्या रामवाडीतल्या हौसाला स्वतःच्या हाताचा भारी तोरा. तान्ह्या बाळांना तेल चोळून न्हाऊ घालणं हे तिचं काम, आणि अर्धं पेण आपल्याच पायांवर वाढलं असं ती सांगत सुटायची. पोर जितकं किंचाळेल तितकं हिला समाधान. ‘रडला की अंग मोकळं होतं,’ हे तिचं ब्रह्मवाक्य. आयांचा जीव कळवळे, पण हौसापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती.

तिची लेक पुतळी रोह्याला दिलेली. पुतळीचा कान्हू चार वर्षांचा झाला तरी बोलेना, कुणी हात लावला की भिंतीला चिकटे. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. तिथल्या एका केंद्रात चंद्रावती नावाची मुलगी अशा पोरांच्या आयांना मालिश शिकवायची. लेकीकडे राहायला आलेली हौसा तिथे गेली ती मुद्दाम नाक मुरडायला.

चंद्रावतीने पुतळीला कान्हूसमोर बसवलं, दोन्ही तळवे उघडे धरायला लावले आणि थांबायला सांगितलं. बराच वेळ काहीच होईना.

“देवाला कौल लावलाय काय गो?” हौसा फिसकन हसली. “पोराला इचारून कोन तेल लावतं?”

इतक्यात कान्हूने उजवा पाय आईच्या हातांत ठेवला. आजवर तो आपणहून कधी तिच्याकडे आला नव्हता. पुतळीला रडू आवरेना. हौसाला मात्र ते झोंबलं. आपल्याला जमलं नाही ते या कालच्या पोरीला जमावं म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी पुतळी बाजारात गेलेली बघून तिने कान्हूला धरलं, पसरलेल्या पायांवर पालथा घातला आणि रगड रगड रगडला. तो किंचाळला, तडफडला, शेवटी निपचित पडला. तेवढ्यात पुतळी आली.

“बघ, गप झाला का नाय?” हौसा घाम पुसत म्हणाली.

“गप नाय झाला, आये. घाबरलाय तो.”

संध्याकाळी पुतळीने तळवे पुढे केले. कान्हूने पाय पोटाशी ओढून घेतले. पुढेही रोज तेच. पेणला परतायच्या दिवशी, कुणी बघत नाहीसं पाहून, हौसानेही आपले तळवे त्याच्यापुढे धरले. तो भिंतीकडे वळला. पण चूक कबूल करील ती हौसा कसली! उचलली जीभ लावली टाळ्याला.

रामवाडीत पोचताच तिने साऱ्या आळीला ऐकवलं, “रोह्याची ती मालिश फुकट हाय. नातू आधी आयेला पाय तरी द्यायचा, आता तेवढाबी देत नाय.”